पाहुण्यासाठी दार

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला खाली कुत्र्यापुरतं एक छोटं दार करायचं, एवढंच मी ठरवलं होतं. (आमच्या घरात मी ठरवतो ते नेहमी ‘एवढंच’ असतं. पुढचं आपोआप होतं.)

कुत्रा मुलीचा. अकरा वर्षांपूर्वी तिने तो दोन दिवसांसाठी म्हणून आणला, म्हणून त्याचं नाव पाहुणा. मुलगी नोकरीसाठी लांब गेली, पाहुणा राहिला. आता त्याचं वय झालं. आम्ही दोघं कामावर गेलो की त्याला दम निघत नाही, आणि संध्याकाळी बायको हातात फडकं घेऊन माझ्याकडे बघते. त्याच्याकडे नाही.

“रविवारपर्यंत त्याची काहीतरी सोय करा,” ती म्हणाली. “नाहीतर माझा भाऊ घेऊन जाईल. त्याच्याकडे दिवसभर माणसं असतात.”

मला ते नको होतं. मुलगी गेल्यापासून घर इतकं गप्प झालंय, की नळ गळला तरी सोबत वाटते. पाहुणा निदान माझ्या खोलीत घोरायचा.

मापाच्या बाबतीत मला कुणी शिकवायला नको. सत्तावीस वर्षं मी शाळेच्या गणवेशांच्या दुकानात मापं घेतोय. पाहुण्याला उभा केला, टेप लावली, दुकानातल्या छापील चिठ्ठीवर आकडे भरले आणि सुताराच्या हातात दिले. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली.

“बाही रिकामी ठेवलीय.”

“ती लागणार नाही.”

“आणि हे वाढीसाठी चार इंच?”

“आमच्याकडे धरतातच. नाहीतर पुढच्या वर्षी आखूड झालं म्हणून लोक भांडायला येतात.”

“वय किती त्याचं?”

“अकरा.”

“मग वाढतं वय आहे,” असं गंभीरपणे म्हणून सुतार कामाला लागला.

दार झालं ते असं, की त्यातून वासरू सहज गेलं असतं. भोक मोठं, म्हणून त्यावरचा रबरी पडदाही मोठा, आणि चांगलाच जड. शनिवारी सकाळपासून मी मागच्या अंगणात गुडघे टेकून, हातात बिस्कीट धरून हाका मारत होतो. पाहुणा आतून पडद्याला नाक लावायचा, हुंगायचा आणि खाली बसायचा. मी पडदा हाताने वर धरला, तरी नुसता बघत राहिला. (धास्ती बसली असणार.) दुपारनंतर तर त्याने पाठच फिरवली.

“पडदा जड झालाय,” मी बायकोला म्हणालो. “म्हातारा जीव, त्याला लोटवत नाही. माझंच चुकलं.”

मला स्वतःचा फार राग आला. सत्तावीस वर्षं लोकांच्या पोरांना ढगळ कपडे घातले, त्याची शिक्षा या मुक्या जिवाला झाली असं वाटून रात्री जेवणही गेलं नाही.

रविवारी मेहुणा गाडी घेऊन आला. तो मागच्या अंगणातच थांबला आणि साध्या आवाजात म्हणाला, “चल रे पाहुण्या.”

पडदा फाडकन वर उडाला. पाहुणा बाहेर आला आणि अंगण ओलांडून गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसला.

“जमलं की त्याला,” बायको म्हणाली.

“मग आता न्यायचं काही कारणच उरलं नाही,” मी घाईघाईने म्हणालो.

“बोलवा मग. आला तर राहू दे.” खोटं कशाला सांगू, हे ती मनापासून म्हणाली.

मी हाक मारली. मग बिस्कीट दाखवलं. मग पुन्हा गुडघे टेकले. पाहुण्याने सीटवर हनुवटी ठेवली आणि दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघायला लागला.

मेहुण्याला फारच अवघडल्यासारखं झालं. “दार मात्र छान झालंय हं भाऊजी,” तो म्हणाला. “कुठे अडकत नाही.”

गाडी गेली. मी तसाच बसून होतो.

“पण काल पडदा इतका जड कसा झाला होता?” मी विचारलं.

बायकोने मला हात देऊन उठवलं. “काल पडदा जड नव्हता,” ती म्हणाली. “काल बाहेर तुम्ही होतात.”