टॉइवोच्या खड्ड्यातली पिल्लं

"सोमवारी मनाई लागू होते ना? होऊ दे! शुक्रवारी दुपारी माझं काँक्रीट पडलेलं असेल. सॅमन माशाला कळायच्या आत माझा सौना उभा!"

टॉइवो हेक्किलाने ही घोषणा नॉर्बी गावच्या हार्डवेअरच्या दुकानात, पोस्टात आणि दाढदुखीसाठी गेला असताना दाताच्या डॉक्टरकडे, तोंडात कापूस असतानासुद्धा केली होती.

तसा माणूस सरळ. एकतीस वर्षं गावची शाळेची बस चालवली, एकदाही मूल विसरला नाही. त्याच्या आजोबांनी फिनलंडहून येऊन अल्डर नदीच्या काठी आधी सौना, म्हणजे घाम काढायची वाफेची न्हाणी, बांधला आणि मग घर. तो सौना शहाण्णवच्या पुरात अख्खाच्या अख्खा वाहून गेला. टॉइवोचे वडील काठावर उभे राहून त्याला टाटा करत होते म्हणतात. तेव्हापासून टॉइवो घरातल्या टबात गुडघे पोटाशी घेऊन अंघोळ करत होता आणि रिटायर झाल्यावर पहिलं काम कोणतं, हे त्याच्या मनात पक्कं होतं.

आणि नेमकी आत्ताच ही मनाई! नदीकाठच्या पूरपट्ट्यात बांधकामं वाढली, सॅमनच्या पिल्लांना हिवाळ्यात आसरा घ्यायला जागा उरली नाही, जात नामशेष व्हायला आली. म्हणून नवे नियम ठरेपर्यंत पूरपट्ट्यातली सगळी बांधकामं तात्पुरती बंद. ज्याच्या बांधकामाच्या पायाची तपासणी होऊन काँक्रीट पडलं असेल, तो सुटला. बाकीचे लटकले.

गुरुवारी टॉइवोचा मेहुणा लाइल आपलं खोदायचं यंत्र घेऊन आला. लाइलला यंत्र चालवता येतं, थांबवता येत नाही. बघता बघता त्याने सौन्याऐवजी हत्तीला पोहता येईल एवढा खड्डा केला. वर म्हणाला, "आणि हे बघ, दाजी, खड्ड्यापासून मागच्या ओढ्यापर्यंत चर काढलाय. रात्री पाऊस पडला तर पाणी आपोआप बाहेर!"

"लाइल, तू माणूस नाहीस, इंजिनीयर आहेस!" टॉइवोने त्याची पाठ थोपटली.

पाणी चरातून बाहेर जाऊ शकतं, तसं आतही येऊ शकतं, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

शुक्रवारी सकाळी टॉइवो कॉफीचा कप घेऊन मागच्या दारात आला आणि कप हातातून सुटला. खड्डा काठोकाठ भरलेला! रात्री नदी चढली, ओढा फुगला, पाणी चरातून आत शिरलं. पहाटे नदी उतरली आणि चराचं तोंड चिखलाने बुजलं. तपासणी दहाला, काँक्रीटची गाडी अकराला!

"पंप!" टॉइवो ओरडला. पंप आला, सुरू झाला, खड्ड्यातलं पाणी नळीतून उसळलं. दोन मिनिटं झाली नसतील, तोच त्याची बायको मार्लिस स्वयंपाकघराच्या खिडकीतून किंचाळली, "बंद कर! आधी तो पंप बंद कर! पाण्यात काहीतरी चमकतंय!"

टॉइवो काठावर पालथा पडला, ओंजळ बुडवली. ओंजळीत बोटाएवढं पिल्लू. रुपेरी अंग, कडेला बोटांचे ठसे उमटावेत तसे गडद पट्टे. दरवर्षी शाळेच्या पोरांना मत्स्यकेंद्रात नेऊन त्याला ही ओळख पाठ झाली होती. कोहो सॅमन! ज्यांच्यासाठी सोमवारपासून सगळं बंद होणार होतं, ते शुक्रवारीच त्याच्या सौन्याच्या पायात राहायला आले होते! आणि एकटंदुकटं नव्हे, खड्डाभर!

तो ओंजळ तशीच धरून उठला. "मार्लिस, हा गुन्हा आहे. मी आत्ता हातात गुन्हा धरून उभा आहे!"

"मग पाण्यात सोड ना, मेल्या! मी फोन करते कुणालातरी!"

मत्स्यखात्याचा फोन कुणी उचलेना. तेव्हा मार्लिसने घाबरून जो नंबर तोंडपाठ होता, तोच फिरवला: तातडीच्या मदतीचा.

"लवकर या हो! टॉइवोच्या खड्ड्यात पिल्लं अडकलीत! दोनशे तरी असतील! पाण्यात आहेत सगळी!"

पलीकडच्या मुलीचा आवाज चिरकला. "टॉइवो? शाळेची बस चालवणारा टॉइवो?"

"हो, तोच! लवकर पाठवा कुणालातरी!"

"किती खोल आहे पाणी?"

"मला मानेपर्यंत येईल!"

पलीकडे फोन आपटल्याचा आवाज आला. सहा मिनिटांत दोन अग्निशमन बंब, एक रुग्णवाहिका, पोलिसांची गाडी आणि त्यांच्या मागे, पायात एकच बूट घातलेल्या शाळेच्या मुख्याध्यापिका! अग्निशमन दलाचा प्रमुख डेल गाडी थांबायच्या आत उडी मारून धावत आला. हा डेल लहानपणी टॉइवोच्या बसमध्ये कायम मागच्या सीटवर ओकायचा.

"काका! पोरं कुठेत?"

"कसली पोरं?"

"दोनशे पोरं बुडताहेत म्हणून फोन आलाय!"

टॉइवोने खड्ड्याकडे बोट दाखवलं. डेलने वाकून पाहिलं. मग टॉइवोकडे पाहिलं. मग पुन्हा खड्ड्याकडे. मुख्याध्यापिका मटकन ओल्या गवतात बसल्या आणि त्यांना हसू आणि रडू एकदमच फुटलं.

"काका," डेल जेमतेम म्हणाला, "अहो, माझी दोन पोरं आहेत त्या शाळेत."

मार्लिसने तोंडावर अॅप्रन ओढून घेतला होता.

एवढ्यात काँक्रीटची गाडी आली. अकराची गाडी, पण ड्रायव्हर जरा जास्तच वक्तशीर निघाला, पावणेदहालाच हजर! पुढे बंब, मागे बघ्यांच्या गाड्या, मधे तिचा ड्रम गरगर फिरतोय.

"माल घट्ट होतोय!" ड्रायव्हर ओरडला. "कुठे ओतू?"

"खड्ड्यात नको!" टॉइवो, मार्लिस, डेल आणि मुख्याध्यापिका एका सुरात किंचाळले.

"बाजूने घे, हिरवळीवरून!" लाइल दोन्ही हात हलवत म्हणाला. ड्रायव्हरने घेतली. ओल्या हिरवळीत मागचं चाक रुतलं, गाडी मारकुट्या म्हशीसारखी एका अंगावर कलली. आता वजन कमी केलं नाही तर आडवी! "ओत! ओत! कुठेही ओत!" लाइल बोंबलला. ड्रायव्हरने पन्हळ फिरवली आणि टॉइवोच्या डोळ्यांदेखत अख्ख्या सौन्याचं काँक्रीट गॅरेजच्या बंद दारासमोर धबाधब कोसळलं!

लाइलने फळी उचलली आणि ते सारखं करायला धावला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. हातांना काहीतरी काम हवं होतं.

बरोबर दहाला तपासणी अधिकारी रोवेना पिकेट आल्या. बारीक, पांढऱ्या केसांच्या, हातात कागद अडकवलेली पाटी. त्यांनी काही न विचारता खड्ड्याशी गुडघे टेकले.

"खड्डा बुजवू का, मॅडम?" टॉइवोने हळूच विचारलं.

"नाही."

"पाणी काढू?"

"अजिबात नाही."

"मासे उचलून नदीत..."

"हात लावून तर बघा! तुम्ही पंप चालवला होता?"

नळी चिखलात पडलेली, पण नळ्या काय, सगळ्यांच्याच अंगणात पडलेल्या असतात. लाइल डोळ्यांनी नाही-नाही म्हणत होता.

"चालवला," टॉइवो म्हणाला. "दोन मिनिटं. दिसल्यावर बंद केला."

रोवेनाबाईंनी नळीच्या तोंडाशी जाऊन चिखल चाचपला. एक पिल्लू सापडलं, मेलेलं. त्यांनी ते तळहातावर घेऊन त्याच्यासमोर धरलं. टॉइवोला वाटलं होतं, दंड ऐकून धक्का बसेल. त्यांनी दंड सांगितला, तो त्याच्या लक्षातही राहिला नाही. एवढंसं ते, आणि आपल्या अंगणात मेलं!

"चर हाताने मोकळा करायचा," त्या मत्स्यखात्याशी फोनवर बोलून म्हणाल्या. "यंत्र नाही. फावडी. आपली आपण जातील."

मग नॉर्बीच्या लोकांनी कधी पाहिलं नव्हतं ते दृश्य दिसलं. हेल्मेट घातलेले आठ जवान, एका बुटातल्या मुख्याध्यापिका, पोलीस, काँक्रीटचा ड्रायव्हर आणि सगळ्यांत पुढे टॉइवो, चिखलात कमरेपर्यंत. दुपारी तीनला पाणी वाहतं झालं. पिल्लं आधी घुटमळली, मग एक गेलं, मग दहा, मग रुपेरी रेघच्या रेघ. टॉइवो मोजत होता. दोनशे तेरा. शेवटचं गेल्यावरही तो बराच वेळ वाकून बघत राहिला.

"तुमचा परवाना आता गोठला," रोवेनाबाई त्याच्याजवळ येऊन म्हणाल्या. "वाईट वाटतं."

"असू दे, मॅडम."

त्या निघाल्या आणि गॅरेजसमोर थबकल्या. लाइलने सारखं केलेलं काँक्रीट छान कडक झालं होतं. त्यांनी बुटाच्या टाचेने ठोकून पाहिलं, नकाशा उघडला.

"ही जागा पूररेषेच्या वर आहे. इथे मनाई नाही. साधा अर्ज करा."

अर्ज मंजूर झाला, आणि ख्रिसमसच्या आधी सौना उभा राहिला. गॅरेजसमोर, रस्त्याच्या अगदी कडेला, दार थेट हमरस्त्यावर! टॉइवो घामाघूम होऊन, कमरेला टॉवेल गुंडाळून बाहेर आला की येणारीजाणारी प्रत्येक गाडी हॉर्न वाजवते. तो टॉवेल एका हाताने धरून दुसऱ्या हाताने सगळ्यांना हात करतो. सवय झाली आता.

सगळीकडे चालत मात्र जावं लागतं. गाडी अजून गॅरेजातच आहे.