ताडपत्रीखालची सौरऊर्जा

देशाच्या संरक्षणात सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, तर सरकारी वस्तू जशी ताब्यात आली तशीच पुढच्याच्या ताब्यात देणे. शत्रू कधी येईल ते सांगता येत नाही. बदली मात्र ठरल्या वेळी येतेच.

द्रोणागिरीजवळच्या लष्करी तळावर सौर पॅनेलं बसली, तेव्हा त्यांचा ताबा सुभेदार धनाजींकडे आला. बाहेरची वीज गेली तरी तळ चालू राहावा, असा योजनेचा उदात्त हेतू होता. (त्याच भरवशावर जुना जनरेटर भंगारात काढला. हार घालून निरोपही दिला.) धनाजींची निवृत्ती तोंडावर आली होती, आणि सबंध नोकरीत त्यांच्या ताब्यातल्या वस्तूवर ओरखडा उठलेला नव्हता. ही पॅनेलं तर चक्क उघड्यावर! खाडीचा खारा वारा, बंदराकडच्या ट्रेलरांची धूळ, वर कावळे. धनाजींची झोप उडाली. शेवटी त्यांनी पॅनेलांवर हिरव्या ताडपत्र्या ताणून बांधल्या, तेव्हा कुठे डोळा लागला.

कर्नलसाहेब पाहणीला आले आणि खूश झाले. एक तर पॅनेलं दुकानातल्यासारखी कोरी राहिली होती, शिवाय विमानातूनही दिसेनाशी झाली होती. लगेच आदेश निघाला: ताडपत्री फक्त पाहणीच्या वेळी, वरिष्ठांच्या परवानगीने काढावी. (पाहणी संध्याकाळी होते. साहेबांना ऊन सोसत नाही.) वर्षाचा अहवाल अभिमान वाटावा असाच होता. बिघाड शून्य, झीज शून्य, डाग शून्य. वीजनिर्मितीच्या रकान्यातही शून्यच होतं, त्यामुळे तक्त्याला एक प्रकारची शिस्त आली.

मग मे महिन्यातल्या एका दुपारी न्हावा शेव्याच्या रस्त्यावर एका ट्रेलरने विजेचा खांब आडवा केला आणि तळाची वीज गेली. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत मिट्ट काळोख, कारण खिडक्या सुरक्षेसाठी बुजवलेल्या. (बॅटऱ्या रिकाम्याच होत्या, भरल्या की झिजतात.) तळाच्या छोट्या इस्पितळात धनाजींच्या लेकीला, जाईला, नेमक्या तेव्हाच कळा सुरू होत्या. डॉक्टर कॅप्टन नबीला धावत बाहेर आल्या.

"साब, आत मला काय पण दिसत नाहीये! लाइट पाहिजे, आत्ताच्या आत्ता!"

धनाजी पॅनेलांकडे पळाले. ताडपत्रीच्या गाठीला हात घातला. आतून लेकीचं ओरडणं ऐकू येत होतं. पण आदेश म्हणजे आदेश. त्यांनी कर्नलसाहेबांना फोन लावला. साहेब पुण्यात ऊर्जा स्वावलंबनावरच्या परिसंवादात होते.

"साहेब, ताडपत्री काढू का? माझी पोर अडलीय ओ."

"जरूर काढा, सुभेदारसाब," साहेबांचा आवाज हळवा झाला. "माणुसकीचा प्रश्न आहे. फक्त ओरखड्याची जबाबदारी तुमची."

धनाजींचा हात गाठीवरून आपोआप बाजूला झाला.

इकडे नबीलांनी कुणाची वाट न बघता जाईचा पलंग व्हरांड्यात ओढला आणि चादरींचा आडोसा केला. लख्ख उजेडात पोरगी जन्मली, खणखणीत आवाजाची. नातीला हातात घेताना धनाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळे भरून आले. त्याच भरल्या डोळ्यांनी त्यांनी ताडपत्री नीट आहे ना, हेही बघून घेतलं.

वर अहवाल गेला: 'आणीबाणीतील प्रसूती संपूर्णपणे सौरऊर्जेवर यशस्वी.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. योजनेचं कौतुक झालं आणि बक्षीस म्हणून नव्या ताडपत्र्या मंजूर झाल्या.

वाचकहो, हसून घ्या. हसून झालं की टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक काढा, आणि शोकेसमध्ये पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपात आज स्वतः चहा प्या. नाही ना धीर होत? आणि तुमच्यावर तर कुणी कर्नलसाहेबही नाहीत.