तात्या मुळिकांची सीट म्हणून नेमणूक

फलटणच्या तात्या मुळिकांनी गाडीतल्या नातीच्या बेबी सीटच्या जागेवर हक्क सांगितला, आणि सीटवाल्या लतीफभाईंनी त्यांची रीतसर परीक्षा घ्यायचं ठरवलं.

तोवर दीड वर्षांची रेवा गाडीत पुढं, तात्यांच्या मांडीवर बसायची. मग सुहासनं, म्हणजे तात्यांच्या मुलानं, एक करडी सीट आणली. तिला दोन्ही अंगांना बाटली ठेवायला खोबणी होत्या. रेवा तिच्यात बसली आणि गाडी वेशीबाहेर पडायच्या आत झोपली. तात्यांच्या मांडीवर ती इतक्या लवकर कधी झोपली नव्हती. तात्यांच्या पोटात दुखायला लागलं. माणूस माणसावर जळला तर कुणापाशी तरी बोलता येतं. सीटवर जळला तर कुणाला सांगायचं? म्हणून ते लतीफभाईंच्या दुकानातच गेले.

"तिच्यात असं काय आहे?" त्यांनी विचारलं.

"ती हलत नाही, तात्या," लतीफभाई म्हणाले.

"मी तरी कुठं हलतो? सकाळी ओसरीवर बसलो की जेवायलाच उठतो."

"मग बघू. पण पुढं नाही, मागच्या बाकावर. आणि तोंड मागच्या काचेकडं. एवढ्या लहान पोरीला तसंच बसवतात."

"मग मला रस्ता कसा दिसायचा?"

"सीटला रस्त्याशी काय करायचंय?"

हे तात्यांना पटलं.

गाडीचा पट्टा त्यांच्या कमरेवरून ओवला. सुहासनं त्यांच्या मांडीवर गुडघा रोवून तो आवळला. लतीफभाईंनी कमरेला धरून हिसडा दिला. तात्या बोटाच्या पेराएवढे हलले.

"एवढं चालतं. याआधी कुठं धडक बसलीय? धडकलेली सीट आम्ही घेत नाही."

तात्यांनी आठवून पाहिलं. "एकदा म्हशीला."

"म्हैस पळत होती?"

"उभी होती. मीच चाललो होतो."

"मग ती धरत नाही."

सून प्रणालीनं रेवाला स्वेटर घालून आणलं होतं. लतीफभाईंनी तो उतरवायला लावला. जाड कपडा आत राहिला तर वरून पट्टा घट्ट दिसतो आणि आतून सैल राहतो. मग रेवाची पाठ तात्यांच्या छातीला टेकवून तात्यांच्या अंगावर बांधलेले पट्टे तिच्या खांद्यांवरून घेतले, खटका लावला, पट्टा सैल राहून चिमटीत येतो का पाहिलं. येत नव्हता. गाडी निघाली.

पहिल्याच वळणावर रेवा रडायला लागली. तात्यांचा हात खटक्याकडं गेला.

"थांबवा," लतीफभाई म्हणाले. "नापास."

"अहो, रडत होती पोर."

"करड्या सीटलाही ऐकू येतं, तात्या. ती सोडत नाही, एवढंच."

जागा करड्या सीटकडंच राहिली. गाडी बाहेर निघाली की तात्या फाटकाशी उभे राहून आतल्या सीटकडं बघायचे, सवतीनं सवतीकडं बघावं तसं. मात्र त्यांनी धीर सोडला नाही. घरात रेवा रडली की ते हात मांडीखाली दाबून बसायला शिकले. म्हातारा निबर झाला, असं प्रणाली म्हणायची. दुसऱ्या परीक्षेत रेवा "ताता, ताता" म्हणून रडली, तिचे अश्रू तात्यांच्या मनगटावर पडले, तरी त्यांचा हात जागचा हलला नाही. लतीफभाईंनी डोळे पुसले आणि पास केलं.

नीट बसलेली सीट उगाच काढू नये, काढघाल केली की कुठंतरी सैल राहते. म्हणून तात्या गाडीतच राहिले. सुहास गाडी कडुनिंबाखाली काचा उघड्या ठेवून उभी करायचा. प्रणाली भाकरी आणून द्यायची. रेवा आणि आपल्यामध्ये आता कुणी नाही, या विचारानं तात्यांना ती गोड लागायची.

करडी सीट रिकामी झाली. टाकून कशाला द्यायची, म्हणून सुहासनं तिला ओसरीवर ठेवली. शेजारचे बापू सस्ते रोजच्यासारखे पान खायला आले, तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "काय तात्या, आज गप्प गप्प?" सीट काही बोलली नाही. तात्याही फारसं बोलत नसत. थोड्या वेळानं रेवा दुडूदुडू चालत आली, सीटमध्ये चढली आणि खोबणीतले चुरमुरे वेचून खाऊ लागली.

तात्यांना हे मागच्या काचेतून सगळं दिसत होतं. त्यांनी हाक मारली, "बापू, मी इकडं आहे."

बापू उठून गाडीपाशी आले. आत वाकून त्यांनी पट्टे नीट पाहिले.

"छान बसलाय हो," ते म्हणाले. "पण तुम्ही सीट झालात. मग घरात तात्या कुणीतरी पाहिजे का नको?"

बापू परत ओसरीवर जाऊन बसले आणि कालचं राहिलेलं बोलणं पुढं सुरू केलं. करडी सीट ऐकत होती. तात्यांपेक्षा बरं ऐकत होती, असं तात्यांनाच वाटलं, आणि अर्धी भाकरी त्यांनी प्रणालीला परत दिली.

रविवारी सगळे प्रणालीच्या माहेरी निघाले. रेवाला तात्यांवर बसवलं, पट्टे आवळले, खटका लागला. गाडी फाटकाबाहेर पडली. तात्यांचं तोंड मागं होतं, त्यामुळं ओसरीवरची करडी सीट लांब लांब जाताना त्यांना आणि रेवालाच दिसत होती.

"रेवा, आजोबांना टाटा कर," प्रणाली पुढून म्हणाली.

रेवानं हात वर केला आणि ओसरी दिसेनाशी होईपर्यंत हलवत राहिली. तात्यांचाही हात वर यायला लागला होता. पण गाडी चालू होती. त्यांनी तो उचलला नाही.