आधी तुम्ही वळवलीत का?

कंपनीने आपणहून काही चांगलं सुचवलं की स्टोअरकीपर आधी त्यातली खोट शोधायचा. कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून पाहिल्याशिवाय या गृहस्थाने आजवर गोदाम सोडलं नव्हतं. आणि आता मॅनेजरबाई सगळ्यांना एकेक करून म्हणत होत्या, "तुमची बाहेरची खासगी पेन्शन कंपनीच्या योजनेत वळवा. शुक्रवारपर्यंत कळवा."

"पण एवढ्या गोड का बोलल्या?" त्याने घरी बायकोला विचारलं.

"मग काय शिव्या द्यायला हव्या होत्या? उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर मी कुणाकुणाच्या दारात उभी राहू? एका जागी असलेलं बरं. फक्त जुन्या ठिकाणची काही हमी बुडत नाही ना, तेवढं विचारा."

विचारा म्हणे! चोरालाच विचारायचं का, बाबा रे, कुलूप नीट लागलंय ना? म्हातारपणाचा सगळा आधार त्या पेन्शनवर होता. अकाउंटंटने स्वतःची वळवली का, हे आधी बघायचं, असं त्याने ठरवलं.

मग काहीतरी निमित्त काढून तो अकाउंटंटच्या टेबलाशी घुटमळू लागला. तो आला की अकाउंटंट कॉम्प्युटरचा स्क्रीन फिरवायचा. संशय बळावला.

"सारखे तिकडे जाताय, काही कळलं का?" ड्रायव्हरने विचारलं.

"मला कुठे काय," तो हळूच म्हणाला. हळू आवाजातलं 'नाही' लोकांना नेहमी 'हो'च वाटतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पॅकिंगवाल्यांनी पेन्शन वळवायचा बेत रद्द केला. बुधवारी तर होकार दिलेलेही फिरले.

"बघ, लोक माघार घेतायत," तो बायकोला म्हणाला. "उगाच घेतील का?"

गुरुवारी मॅनेजरबाईंनी त्याला केबिनमध्ये बोलावून दार लावलं. अकाउंटंट आधीच बसला होता.

"खरं सांगा, तुम्हाला काय कळलंय?"

"मला? मी तर यांनी वळवली का ते बघतोय."

"आणि मी तुमची वाट बघतोय," अकाउंटंट वैतागून म्हणाला. "तीनदा कुलूप ओढणारा माणूस तुम्ही. तुम्ही वळवलीत की मी वळवणार."

"आणि बाई, तुम्ही?"

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. "मी यांच्या मागोमाग."

घरी पोचताच बायकोने विचारलं, "हमीचं विचारलंत?"

"ते राहिलंच."

"वाटलंच मला. मीच जुन्या ठिकाणी फोन केला. हमी-बिमी काही नव्हतीच, आणि वळवायला दंडही नाही. आता मुकाट्याने सही करून या. मला शांत झोप लागू दे."

शुक्रवारी त्याने बायकोला स्मरून सही केली, तीनदा वाचली आणि मागे वळला. दारापर्यंत रांग लागली होती. सगळ्यात पुढे अकाउंटंट, त्याच्या मागे बाई, मग ड्रायव्हर, मग अख्खं पॅकिंग.

"एवढे सगळे एकदम तयार कसे झाले?" तो पुटपुटला. "कुठेतरी पाणी मुरतंय."

अकाउंटंटने कागदाला टेकवलेलं पेन उचललं आणि हळूच टोपण लावलं.