भुकेचं वेगळं कार्ड

भानुदास लिगाडे यांनी वजन उतरवायचं इंजेक्शन सुरू केलं, आणि तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी त्यांची भूक घरातून वेगळी निघाली.

भांडण नाही, तंटा नाही. भानुदास चहाचा कप घेऊन खुर्चीत बसले होते. भूक उंबऱ्यावर येऊन टेकली आणि म्हणाली, "दादा, माझं आता इथं काही काम राहिलं नाही. मी मागच्या पत्र्याच्या खोलीत राहते."

"राहा की," भानुदास म्हणाले.

त्यात नाही म्हणण्यासारखं त्यांना काही दिसलं नाही. माणूस एकोणसत्तर वर्षांचा झाला की घरातलं कुणी ना कुणी वेगळं निघतंच. थोरला मुलगा निघाला, मग धाकटा निघाला. त्यांनाही ते "राहा की" असंच म्हणाले होते.

इंजेक्शन घ्यायचं कारण गुडघा. एकतीस वर्षं एसटी चालवली, त्यात क्लच दाबून दाबून डावा गुडघा संपला. वजन एकशे सोळा किलो. डॉक्टर बिराजदारांनी एक्स-रेचा फोटो उजेडाला धरून सांगितलं होतं, "पंच्याण्णवच्या खाली या, मग गुडघा बदलू. आत्ता नवा टाकला तर वर्षात त्याचा भुगा होईल." या वयात हे औषध सोसेल का, असं शेवंताबाईंनी विचारलं. त्या भानुदासांच्या कुटुंब. डॉक्टर म्हणाले, "वय बघूनच देतोय. थोडं थोडं वाढवत नेऊ." मग पेनासारखं ते इंजेक्शन फ्रिजच्या दारात ताकाच्या लोट्याशेजारी आलं, आणि दर गुरुवारी मेडिकलमधला नदाफ येऊन ते पोटात टोचून जाऊ लागला.

पहिल्या आठवड्यात मळमळलं. दुसऱ्यात अर्धी भाकरी ताटात राहिली. लग्न झाल्यापासून त्या घरात ताटात भाकरी राहिली नव्हती. शेवंताबाई त्या अर्ध्या भाकरीकडे बघत म्हणाल्या, "मीठ चुकलं का?"

"नाही."

"मग?"

"मग काय? नको वाटतंय."

आणि तिसऱ्या आठवड्यात भूक बाहेर पडली. तेव्हा पहिल्यांदाच सगळ्यांनी तिला नीट बघितलं. अंगानं अगदी वाळकी. हाताची हाडं दिसत होती, गालफडं आत गेलेली. शेवंताबाईंनी तोंडाला पदर लावला.

"अगं बाई! चव्वेचाळीस वर्षं मी हिला खाऊ घातलं आणि ही अशी?"

"वहिनी, मी खाल्लं ते माझ्या अंगाला कुठं लागलं?" भूक म्हणाली. "सगळं दादांच्या अंगाला लागलं."

यात खोटं काही नव्हतं. मग नवऱ्याची बहीण घर सोडून निघाली तर जे करायचं ते शेवंताबाईंनी केलं. दोन जुनी लुगडी दिली, एक ताट, एक तांब्या दिला. "वन्सं, थांबा," म्हणाल्या आणि खण-नारळानं ओटी भरली. भुकेनं तो नारळ तिथंच पायरीवर आपटून खाल्ला.

आता वेगळं निघायचं म्हणजे नुसतं खोली झाडून भागत नाही. रेशनकार्डावरनं नाव कमी करायचं, नवं कार्ड काढायचं. म्हणून बुधवारी तिघंही रिक्षानं तहसील कचेरीत गेले. पुरवठा शाखेच्या खिडकीत गुरव मॅडम होत्या. भानुदासांना उभं राहवेना म्हणून ते समोरच्या बाकावर बसले. खिडकीपाशी शेवंताबाई आणि भूक.

"इंजेक्शनची का?" मॅडमनी मान वर न करता विचारलं.

"होय."

"या महिन्यातला सातवा अर्ज. त्या दिवशी एका हेडमास्तरांची आली होती. रांगेत थांबेना. शेवटी अर्जच खाल्ला तिनं." मॅडमनी फॉर्म पुढं ओढला. "नाव?"

"भूक भानुदास लिगाडे."

"वय?"

"दादांपेक्षा सहा महिन्यांनी मोठी," भूक म्हणाली. "आईला आधी मी लागले. दादा नंतर."

"नातं?"

"बहीण लिहा."

"सख्खी?"

"एकाच पोटातली."

मॅडमनी ते लिहिलं. मग चष्मा खाली घेऊन भुकेकडे बघितलं. "स्वयंपाक कोण करणार?"

"मला येत नाही. मी आजवर नुसतं खाल्लंय."

"मग कार्ड कसं द्यायचं? कार्ड चुलीला मिळतं बाई, तोंडाला नाही. वेगळी चूल पाहिजे, चुलीला रांधणारं पाहिजे. तलाठी भाऊसाहेब येऊन पंचनामा करणार, त्यांना तिथं भाकरी भाजताना दिसली पाहिजे."

भूक कासावीस झाली. ती खिडकीच्या लाकडाला धरून उभी राहिली. शेवंताबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग मागं वळून बाकावर बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "माझं नाव घाला हिच्याबरोबर."

"तुम्ही तर तिकडच्या कार्डाच्या प्रमुख आहात." घरातली थोरली बाई हीच कार्डाची प्रमुख, असा नियम. "एक नाव दोन कार्डांवर बसत नाही. तिकडचं काढावं लागेल."

"काढा."

मॅडमनी काढलं. मग खिडकीतून मान लांब करून बाकाकडे ओरडल्या, "लिगाडे मामा, हरकत असेल तर सात दिवसांत लेखी द्या. पुढच्या बुधवारी पंचनामा. कारण लिहून द्यायचं बरं का, नुसतं 'हरकत आहे' चालत नाही."

"बायको चाललीय माझी, मॅडम."

"बायको नाही हो जात. नाव जातं. बायकोचं आमच्याकडे काही नसतं."

त्याच संध्याकाळी शेवंताबाईंनी शेगडी, काटवट आणि पिठाचा डबा मागच्या खोलीत नेला. भानुदासांना त्याचं आधी काही वाटलं नाही, कारण भूकच नव्हती. भूक नसली की चूल कुठं आहे हे माणसाच्या लक्षात येत नाही. गुरुवारी सकाळी मात्र त्यांच्या ध्यानात आलं की शेवंता त्यांच्याशी कालपासून एक शब्द बोललेली नाही.

राग नव्हता. बोलायचं काही उरलं नव्हतं, इतकंच. ती विचारायची, "काय करू आज?" ते म्हणायचे, "कर काहीही." ती विचारायची, "तिखट झालं का?" ते ताट पुढं सरकवायचे. ती आणखी वाढायची. चव्वेचाळीस वर्षांचा संसार या तीन वाक्यांवर चालला होता, आणि बरा चालला होता. आता ही तिन्ही वाक्यं मागच्या खोलीत राहायला गेली होती. तिथनं दिवसभर ऐकू यायचं, "वहिनी, अजून एक." "वहिनी, शेंगाची चटणी अशी कुठं खाल्ली नाही बघा." "वहिनी, वाढा की, हात का आखडता?" आणि त्यावर शेवंताबाई हसायच्या. त्यांचं हसणं असं असतं हे भानुदासांनी भिंतीपलीकडून ऐकलं.

गुरुवारी नदाफ आला आणि त्यानं फ्रिजमधनं इंजेक्शनचं पेन काढलं.

"नको आज," भानुदास म्हणाले. "बंद करायचं म्हणतोय. औषध बंद झालं की ती परत येते ना?"

"येते की, मामा. डॉक्टरसाहेब तेच सांगतात सगळ्यांना. बंद केलं की भूक परत."

"किती दिवसांत?"

"औषध अंगातनं हळूहळू उतरतं. महिना धरा. कुणाला जास्त."

"बुधवारी पंचनामा आहे रे."

नदाफनं पेन हातात फिरवलं. तो भला माणूस होता. "मामा, मग गुडघ्याचं?" एवढंच म्हणाला. पेन परत फ्रिजच्या दारात ठेवलं आणि गेला.

मग भानुदासांनी हरकतीचा कागद लिहायला घेतला. 'माझी हरकत आहे, कारण', इथपर्यंत लिहिलं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. कारण म्हणून त्यांना जे जे सुचायचं ते जेवणाचं निघायचं. 'मला जेवण मिळणार नाही.' पण त्यांना जेवण नको होतं. 'तिच्या हातची सवय आहे.' सवय होती ती भुकेला, आणि ती मागच्या खोलीत बसून जेवत होती. बिनजेवणाचं एक कारण सापडावं म्हणून त्यांनी लग्नापासूनचे दिवस एकेक करून आठवले. सुट्टीच्या दिवशी घरी आले की आधी ताट. आई वारली तेव्हा दहाव्याचं जेवण. निवृत्तीच्या दिवशी लापशी. कागदावरचं पेन तसंच थांबलं.

रविवारी दुपारी ते भिंतीला धरत धरत मागं गेले. खोलीच्या दारात स्टूल होतं त्यावर बसले आणि म्हणाले, "शेवंता, मला वाढ."

शेवंताबाईंनी चटकन ताट घेतलं. त्यांचा चेहरा उजळला होता, हे भुकेनंही बघितलं. एक भाकरी, येसराची आमटी, वर तेल सोडलेली चटणी. भानुदासांनी पहिली भाकरी खाल्ली. दुसरी मागितली. गवंडी वीट घालतो तसे ते घास घालत होते. तिसऱ्या भाकरीच्या दुसऱ्या घासाला त्यांच्या पोटानं नको म्हटलं. ते कसेबसे अंगणातल्या मोरीपर्यंत पोचले आणि सगळं बाहेर आलं. शेवंताबाईंनी पाठ चोळली, पाणी दिलं, तोंड पुसलं.

"कशाला करता असं?" त्या म्हणाल्या. "जिवावर उदार होऊन जेवतं का कुणी?"

"तू परत ये म्हणून."

"मी कुठं गेलेय? ही काय, पंधरा पावलांवर."

भुकेला वाईट वाटलं. ती ताट बाजूला ठेवून उठली. "दादा, मी येते परत. मला काय, मी पोटातही राहीन. पण तुमच्या पोटानं घ्यायला पाहिजे ना? आत्ता आले तर मघाशी आमटीचं झालं तेच माझं होणार."

"तू येऊ नको," भानुदास म्हणाले. "हिला सोड."

"मी धरलीय का तिला?"

दोघांनी शेवंताबाईंकडे बघितलं. त्या खाली बसून मोरीत पाणी ओतत होत्या. मग म्हणाल्या, "अहो, खरं सांगू का? तुम्ही कधी जेवलातच नाही. तुम्ही नुसते खुर्चीत बसायचात. जेवायची ती हीच. मला वाटायचं, तुम्हीच."

भानुदासांना ते पटलं.

"गुडघा करून घ्या तेवढा," शेवंताबाई म्हणाल्या. "सुई बंद करू नका. नदाफला सांगते मी."

सोमवारी नदाफ आला आणि चुकलेलं इंजेक्शन देऊन गेला.

बुधवारी अकरा वाजता तलाठी आले. पत्र्याच्या खोलीत शेगडी पेटलेली होती, तव्यावर भाकरी फुगली होती, भूक ताट घेऊन बसली होती. तलाठ्यांनी उभ्या उभ्या बघितलं आणि लिहून घेतलं. चूल वेगळी, भांडी वेगळी, रांधणारी वेगळी. मग भानुदासांना विचारलं, "मामा, हरकत दिली नाहीत?"

भानुदासांनी खिशातला कागद दिला. तलाठ्यांनी वाचला. 'माझी हरकत आहे, कारण'. त्यांनी कागद उलटा करून मागची बाजू बघितली. तिथं काही नव्हतं.

"कारण?"

"मिळालं नाही, भाऊसाहेब."

"मग हरकत नाही असं धरतो. इथं सही." सही झाल्यावर त्यांनी पुढचा रकाना काढला. "आणि तुमच्या घरात कोण रांधतं?"

"कुणी नाही."

"जेवतं कोण?"

भानुदासांनी विचार केला. "कुणी नाही," म्हणाले.

तलाठ्यांनाही वडील होते. "मामा, राग मानू नका, मग ते कार्ड रद्द करावं लागेल. चूलच नाही तिथं." भानुदास म्हणाले, "बरोबर आहे." आणि त्यांनी खिशातून जुनं कार्ड काढून दिलं. घड्यांवर पार फाटलेलं होतं. शेवंताबाईंनी ते कधीतरी खळीनं चिकटवलं होतं. तलाठ्यांनी त्यावर तिरकी रेघ मारली.

तोवर साडेबारा झाले. "भाऊसाहेब, भाकरी तयार आहे, दोन घास खाऊनच जा," शेवंताबाई म्हणाल्या. तलाठी हो-नाही करत चटईवर बसले. भूक सरकली. शेवंताबाईंनी ताटं मांडली, आणि मग त्यांना दारात स्टुलावर बसलेले भानुदास दिसले.

"तुम्ही पण बसा की," त्या म्हणाल्या.

"नको," भानुदास म्हणाले. "आत्ताच झालंय माझं."

"थोडं तरी घ्या. आलाच आहात तर."

"नको, खरंच नको."

दारी आलेल्या माणसाला एकदा आग्रह करतात, तेवढा करून झाला होता. शेवंताबाई आत वळल्या आणि वाढायला लागल्या.