अजून एक नर लागते

काझी सर कुणाच्याही घरी गेले की माणसांना नमस्कार करायच्या आधी पाण्याच्या टाकीचं झाकण उचलतात. खिशातून चहाची गाळणी काढतात, टाकीत एकदा फिरवतात, भिंग लावून आत बघतात आणि म्हणतात, "काई नाई. डासाच्या अळ्या हायेत फक्त." मग चपला काढून आत येतात. यजमानांचं तोंड तोवर उतरलेलं असतं.

माझ्या भाचीच्या लग्नाला मी त्यांना अकोल्याला नेलं, ही माझी चूक. भर मे महिना. सर गाळणी घेऊन टाकीवर चढले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. माझ्या भाऊजींना वाटलं, डेंग्यूची तपासणी आली. घाबरून त्यांनी गुपचूप टाकीचा खालचा नळ सोडून दिला. अकोल्यात, मे महिन्यात, वरात दारात असताना अख्खी टाकी नालीत गेली! बहीण अजून माझ्याशी नीट बोलत नाही. सर मात्र परतीच्या वाटेवर म्हणाले, "पाणी सोडाच्या आंधी मले इचाराले पायजे होतं. कोपऱ्यात काईतरी पोहून राहिलं होतं."

तर असे हे काझी सर. अमरावतीत माझ्या शेजारी राहतात. जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही. "टाइमच नाई भेटला," म्हणतात. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. धरणांतलं पाणी नोकरीभर कागदावर मोजलं, पण त्या पाण्यात कोण राहतं याची चौकशी कधी केली नाही. ती सरांनी उतारवयात करायला लावली.

सरांचा कशावरच लवकर विश्वास बसत नाही. कुणी काही सांगितलं की उत्तर ठरलेलं, "नमुना दाखवा." भाजीवाला म्हणाला, वांग्यात किडा निघणार नाही, सरांनी त्याच्याच सुरीनं त्याचीच सात वांगी चिरली. समोरच्या देशमुख काकू म्हणाल्या, आमचा जावई म्हणजे देवमाणूस. दिवाळीला जावई आला, तेव्हा सर गळ्यातल्या भिंगासह हजर. "म्हटलं पाहून घ्यावं," म्हणाले.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं माझ्या जुन्या गाडीनं चिखलदऱ्याला गेलो होतो. तिथं कॉफीच्या मळ्याबाहेर एक झरा आहे. त्याच्या ओल्या खडकावर सरांना एक पाणभुंगेरा दिसला. तिळाहून लहान, काळपट, पाठीवर दोन पिवळे ठिपके. मला तो कचरा वाटला. सरांनी भिंगातून पाहिलं आणि ते तिथंच चिखलात बसले.

"वानखडेजी," ते म्हणाले, "हा कोणाच्याच पुस्तकात नाई."

आता नवी जात म्हणजे नुसतं 'सापडली हो' म्हणून चालत नाही. तिचं रीतसर वर्णन छापावं लागतं. त्यातून या भुंगेऱ्यांची खरी ओळख नराच्या इंद्रियावरून पटते; त्यासाठी नराचं पोट उघडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. ते केवढं आणि कसं वळलेलं असतं, हे सरांनी कॉलनीच्या सभेत हातवारे करून समजावलं. विषय बोअरवेलच्या मोटरीचा होता. देशमुख काकू त्या दिवसापासून सभेला येत नाहीत.

आम्हाला मिळालेली नेमकी मादी निघाली. तेव्हापासून दर रविवारी आमची फेरी सुरू झाली. परतवाड्याला गिला वडा, मग घाट, मग झरा. मी पांढरा ट्रे धरायचा, सरांनी खडकावर पाणी ओतून खाली गाळणी लावायची. नर की मादी, ते घरी नेल्यावर ठरायचं. सोमवारी मी कुंपणावरून विचारायचो आणि सर मान हलवायचे, "एकच नर हाये आपल्यापाशी. एकानं भागत नाई. अजून एक नर लागते."

तीन वर्षं हेच चाललं. माझी बायको म्हणायची, एवढ्या दिवसांत माणसाचं स्थळ जमलं असतं.

मागच्या महिन्यात झऱ्याजवळच्या चहावालीनं सांगितलं, "बुधवारी दोन पोरी आल्या होत्या. तुमच्यावानीच खडक धुऊन राहिल्या होत्या." ज्याचं वर्णन आधी छापून येईल, ती जात त्याची. सरांची उभ्या जन्माची कमाई दुसऱ्याच्या नावावर लागणार! सर शांतपणे चहा पीत राहिले.

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच भांडायच्या तयारीनं त्यांच्या घरी गेलो. ते आत चहा ठेवत होते. नमुने असे किती कमी पडतात ते तरी बघू, म्हणून मी कपाट उघडलं.

बोटाएवढ्या काचेच्या नळ्या ओळीनं लावलेल्या होत्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, सरांचं मोत्यासारखं अक्षर. ठिकाण, तारीख, नर. नर. नर. मी मोजले, अठरा होते. पहिल्या दोन वर्षांतच काम भागलं होतं. आणि प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी लिहिलं होतं, 'संकलक: काझी व वानखडे'.

सर कप घेऊन दारात उभे होते.

"सर, इतले नर असून तुमी कावून थांबले?"

त्यांनी कप टेबलावर ठेवले. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "पेपर पाठोला की काम खतम. मंग तुमी रविवारी कावून येसान?"

मला राग आला होता, तो कुठल्या कुठे गेला. वाईट वाटलं, लाजही वाटली. तीन वर्षं मी समजत होतो की या एकट्या माणसाला फिरवून मीच त्याच्यावर उपकार करतोय. खरं म्हणजे निवृत्तीनंतर आठवड्यातला हा एकच दिवस असा होता की मी कुणाला तरी हवा होतो.

मी खुर्ची ओढली आणि सरांना कंप्युटरसमोर बसवलं. वर्णन, आकृत्या, फोटो, सगळं तयारच होतं. सरांनी दोनदा हात मागे घेतला. तिसऱ्यांदा मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि पेपर गेला.

सर रिकाम्या पडद्याकडे बघत राहिले. चहा निवून गेला होता.

"सर," मी म्हणालो, "याची अळी कोनं पाह्यली काय?"

"अळी?"

"तुमीच सांगतलं ना, तिचं वर्णन अलग लिहा लागते म्हणून."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. "नाई. कोनंच नाई पाह्यली. लय बारीक असते ते. सापडाले वर्षं लागतीन."

"लागू द्या. रविवारी सहाले गाडी काढतो."

"सहाले नाई," सर एकदम खेकसले, "साडेपाचले! खडकावर ऊन याच्या आंधी पोचाले पायजे."