रविवारचं कोर्ट आणि गंजकी बिजागरी

रागवायचं कसं, हे जगाने माझ्याकडून शिकावं! लोक रागावतात म्हणजे काय करतात? ओरडतात, बीपी वाढवून घेतात, नोकरी घालवतात. मी बंगळूरला आल्यापासून रोज रागावते आणि आजवर एकही माणूस दुखावलेला नाही. पद्धत अगदी सोपी आहे. समोरच्याकडे बघून गोड हसायचं, मान किंचित तिरकी करायची आणि मराठीत त्याचा पार चिवडा करायचा. समोरच्याला वाटतं, पोरगी किती लाघवी!

कोरमंगल्याच्या आमच्या ऑफिसात ही पद्धत सिद्ध झालेली आहे. शुक्रवारी संध्याकाळी माझा लॅपटॉप बॅगेत अर्धा गेला की आमचे मॅनेजर येतात आणि म्हणतात, "संहिता, छोटा सा काम है." हा छोटा सा काम सोमवारपर्यंत चालतो. मी हसून म्हणते, "या, या, नासक्या भेंडीचे मुकादम!" ते म्हणतात, "थँक यू, संहिता." माझ्या अप्रेझलमध्ये माझ्याबद्दल एकच बरा शब्द लिहिलाय. हसतमुख.

शिव्या मात्र मी देत नाही. नागपूरहून निघताना आईला तसा शब्द दिलाय. त्यामुळे माझा सगळा दारूगोळा स्वयंपाकघरातून येतो. फार फार तर घरातल्या मोडक्या सामानातून.

तर अशा रीतीने आठवडाभर हसून हसून माझे गाल दुखतात आणि आत राग साठत जातो, पाण्याच्या टँकरसारखा. तो रिकामा करायची जागा एकच. एचएसआर लेआउटमधला पत्र्याच्या छताचा बॅडमिंटन हॉल, रविवार सकाळी सात. या शहरात घर मिळतं, घरमालकही माणसात येतो, पार्किंगसुद्धा कुणी मेल्याबिल्यावर मिळतं. रविवारी सातचं कोर्ट मिळत नाही! ते मी मिळवलं होतं. माझा पार्टनर शंतनु. ऑफिसात माझ्या शेजारी बसतो, पुण्याचा आहे, त्यामुळे त्याला सगळं आधीच माहीत असतं. फक्त शटल कुठे पडणार ते माहीत नसतं.

आणि या सुखात एक माणूस बसला होता. बसला कसला, नाचत होता! आमच्या आधीचा सहाचा स्लॉट एका साठीच्या अंकलचा. राव. पांढरी अर्धी चड्डी, कपाळाला घामाची पट्टी, आणि गुडघा असा वाजायचा की पत्र्यावरची कबुतरं उडायची. सात वाजले की राव अंकल कोर्ट सोडायचे? छे!

"अंकल, सेव्हन ओ'क्लॉक," शंतनु म्हणायचा.

"लास्ट पॉइंट, लास्ट पॉइंट!"

तो लास्ट पॉइंट मारुतीच्या शेपटीसारखा वाढत जायचा. मग डाव बरोबरीत यायचा. मग राव अंकल बुटाची नाडी बांधायचे. नाडी अशी बांधायचे की जणू मुलीची वेणी घालतायत! माझा आठवड्याचा एकुलता एक तास असा डोळ्यांदेखत गळत असायचा. अशा वेळी माणसाने काय करावं?

मी मान तिरकी करून हसायचे. "खेळा, खेळा, गंजकी बिजागरी! तेल घालू का गुडघ्यात? की दारासकट काढून ठेवू तुम्हाला?"

राव अंकल मान डोलवून कानडीत 'ठीक, ठीक' करायचे, "सरी, सरी."

सगळा उन्हाळा हेच. मी त्यांना बिजागरी म्हटलं, फुटका माठ म्हटलं, आंबलेला मठ्ठा म्हटलं, आणि एकदा फारच उशीर झाला तेव्हा "तळ्याच्या फेसाची तर्री" असंही म्हटलं. बेलंदूरच्या तळ्यावर तेव्हा फेस आला होता, म्हणून. दर वेळी ते माझ्यापेक्षा गोड हसायचे. पद्धत उत्तम चालली होती!

मग तो रविवार आला. लास्ट पॉइंट संपता संपत नव्हता. मी तोंड भरून हसत होते आणि तोंड भरून बोलत होते. शेवटी राव अंकल घाम पुसत माझ्याकडे आले आणि म्हणाले,

"अक्का, स्वल्प पाणी आहे का?"

मराठीत!

शंतनुच्या हातून रॅकेट पडली, ती त्याच्याच पायावर. मी बाटली पुढे केली. हात माझा होता, पण मी त्यात नव्हते.

"काका... तुम्हाला मराठी येतं?"

"येतं म्हणजे? घरची भाषा की! शहाजीराजांच्या बरोबर आलो आम्ही इकडे. परत जाणार होतो, मग राहूनच गेलं."

बंगळूरचं ट्रॅफिक बघता मला ते पटलं.

"मग इतके दिवस बोलला नाहीत?"

"लाज वाटते की, अक्का. आमचं मराठी कानडीत भिजलेलं. तुम्ही तिकडची माणसं, हसाल. म्हणून नुसतं ऐकत होतो." ते घटाघट पाणी प्यायले. "एकच विचारायचं होतं. इकडे पीण्या म्हणून कारखान्यांचा भाग आहे, तिथे माझा छोटा कारखाना आहे. बिजागऱ्यांचा. तर ते तुम्ही मला गंजकी बिजागरी म्हणता..."

माझ्या डोळ्यांपुढून रविवार गेले. एकामागून एक, रांगेने. कारण त्याच क्षणी शंतनु माझ्या कानात पुटपुटला, "हेच हॉलच्या कमिटीचे सेक्रेटरी. पुढच्या वर्षीचे स्लॉट हेच वाटतात." हे त्याला आधीपासून माहीत होतं! सांगितलं का नाही? तर मी विचारलं नाही!

आणि मग मी आयुष्यातलं सगळ्यात वाईट वाक्य बोलले.

"प्रेमाने, काका! आमच्याकडे पद्धतच आहे तशी! जवळच्या माणसाला असंच बोलतात. नाही का रे, भिजलेल्या पापडा?"

"हो ना गं, करपलेल्या फोडणी," शंतनु म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला.

राव काकांचा चेहरा फुलला. "असं होय! म्हणून हसून बोलता! मलाही वाटलंच, इतकी हसतमुख पोरगी वाईट कशाला बोलेल?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "पुढच्या रविवारी जेवायला या दोघं. आमच्या मुलीचं, मैत्रेयीचं, जमतंय. मुलगा इथलाच, तिच्या ऑफिसातला, पण आईवडील पुण्याहून येणार. आमच्या मराठीची मला फार काळजी. तुम्ही असलात तर धीर येईल."

"येतो की, काका!" मी म्हणाले. स्लॉटसाठी मी त्या दिवशी लग्नही केलं असतं.

परतताना स्कूटरवर शंतनु मागून ओरडला, "ते तिथे पद्धत वापरतील!"

"काऊन बे! साठ वर्षांचा माणूस आहे, एवढं कळत नाही का त्याला?"

"तू तिशीला आलीस, तुला कुठे कळतंय?"

सिग्नलला त्याला उतरवून द्यायचा विचार मी केला होता. सिल्क बोर्डाचा सिग्नल असल्यामुळे तेवढा वेळही होता.

पुढच्या रविवारी आम्ही बसवनगुडीला राव काकांच्या घरी पोचलो. दार रत्नाबाईंनी, म्हणजे काकूंनी उघडलं.

"तुम्हीच का त्या पद्धतवाल्या? आठवडाभर हे मला आंबलेला मठ्ठा म्हणतायत. पहिल्या दिवशी मी रडले. आता मीही देते उलटून. बसा की!"

मला तेव्हाच पळायला हवं होतं. पण आतून कोशिंबिरीचा आणि तुपाचा वास आला, आणि मागोमाग पाहुणेही आले. मुलगा प्रणीत, त्याच्या आई उल्काताई, आणि वडील करंदीकर. बँकेतून निवृत्त, कडक इस्त्रीचा कुडता, चेहराही त्याच इस्त्रीखालून काढलेला. राव काका पुढे झाले. हात जोडले. मान किंचित तिरकी केली.

"यावं, यावं, फुटका माठ! प्रवास बरा झाला ना? आणि ताई, नासकी भेंडी, तुम्ही इथे पंख्याखाली बसा की!"

पंखा फिरायचा थांबला असं मला वाटलं. मैत्रेयीने डोळे मिटले. प्रणीतने मोबाइल उलटा धरून त्यात बघायला सुरुवात केली.

"काय म्हणालात?" करंदीकर म्हणाले.

"तुमच्याकडची पद्धत! ही आमची संहिता, तिनेच सांगितली. जवळच्या माणसाला असंच बोलतात ना?"

सगळी खोली माझ्याकडे वळली. तिथे दोन रस्ते होते. एक, खरं सांगायचं. दुसरा, रविवार वाचवायचा.

"नवीन पद्धत आहे, काका!" मी करंदीकरांना म्हणाले. "नागपुरात निघाली. पुण्यात पोचतेय हळूहळू."

"नागपूरहून पुण्यात आजवर फक्त संत्री आली आहेत," करंदीकर म्हणाले. "तीही मी बघून घेतो."

आता राव काकांचा चेहरा उतरायला लागला. मैत्रेयीच्या डोळ्यांत पाणी दिसलं. मुलीचं जमत आलेलं मोडणार आणि माझं कोर्टही जाणार! मी शंतनुच्या बरगडीत कोपर मारलं. "काकांना दाखवू या का रे, कसं बोलतात ते? भिजलेल्या पापडा!"

"अवश्य, करपलेल्या फोडणी!"

"माझ्या गोड, बुळबुळीत कारल्या!"

"माझ्या लाडक्या, नेटवर उभ्या केलेल्या खांबा!"

मी थबकले. हे स्वयंपाकघरातलं नव्हतं.

"खांब? मी?"

"मग काय! नेटला चिकटून उभी राहतेस आणि मागे गेलेला प्रत्येक शॉट 'तुझा!' म्हणून सोडतेस! सगळा उन्हाळा मी एकटाच पळतोय!"

"पळतोस? तू सर्व्हिस करतोस ती लोणच्यात तेल सोडल्यासारखी! शटल नेटपर्यंत पोचायच्या आत त्याची एक्स्पायरी येते!"

"आणि राव काकांवर चिडतेस! ते कोर्टवर निदान हलतात तरी!"

हे मला सहन झालं नाही. मी उभी राहिले, माझा हात रत्नाबाईंनी नुकत्याच वाढलेल्या ताटाला लागला, ताट वाटीला लागलं, आणि वाटीतली गरम खीर करंदीकरांच्या इस्त्रीवर गेली. खीर कॉलरपासून खाली उतरताना सगळे बघत होते. ती आमच्या मॅनेजरसारखी होती. थांबतच नव्हती.

मी ओळखलं. लग्न मोडलं. कोर्ट गेलं. आता नागपूरला आईकडे जावं आणि तिला दिलेल्या शब्दाचं काय झालं ते काही दिवस लपवावं.

तेवढ्यात उल्काताईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मला ही पद्धत पसंत आहे," त्या म्हणाल्या.

"उल्का!" खिरीतून करंदीकर म्हणाले.

"तुम्ही थांबा हो, खवट शेंगदाण्या. लग्न झाल्यापासून सांगायचं होतं, सापडत नव्हता शब्द. दाण्याच्या कुटात एक खवट असला की सगळी आमटी जाते. तसे तुम्ही प्रत्येक समारंभात बसता. आज मुलाचं चांगलं होतंय, तर हसा!"

करंदीकरांनी आधी बायकोकडे बघितलं, मग खिरीकडे. आणि त्यांच्या इस्त्रीला कुठेतरी एक सुरकुती पडली. ते हसत होते! गंजलेल्या नळातून आधी नुसता आवाज येतो ना, तसं. पण हसत होते.

"व्याही," ते राव काकांना म्हणाले, "तुमच्याकडे रोज असं असतं?"

"आजपासून की!"

"प्रणीत," उल्काताईंनी निकाल दिला, "लग्न इथेच, बंगळूरला. या घरात मनातलं बोलता येतं."

मैत्रेयी रडत रडत हसली आणि मला मिठी मारून कानात म्हणाली, "थँक यू. पण परत येऊ नका." रत्नाबाईंनी करंदीकरांना राव काकांचा सदरा दिला आणि सगळ्यांना पुन्हा खीर वाढली. मला नाही वाढली.

असो! एक लग्न जमवलं होतं मी. उपकार केले होते. आता माणूस स्लॉट नाही म्हणेल? जेवणं झाल्यावर राव काका स्वतःच माझ्याकडे आले.

"अक्का, कोर्टाचं ठरवलं बघा."

"हो, काका?" मी खरोखरचं हसले. फार दिवसांनी.

"करंदीकर आता लग्नापर्यंत इथेच राहणार. त्यांना बॅडमिंटन येतं, उल्काताईंनाही येतं. मग नवीन वर्षात रविवारी सहा ते आठ आम्हालाच ठेवलं. घरचीच माणसं ना!"

"आणि आम्ही?"

"तुम्हाला मंगळवार. दुपारी तीन. कोणी नसतं, निवांत."

मंगळवार! दुपारी तीन! तेव्हा मी ऑफिसात छोटा सा काम करत असते! माझ्या डोक्यात सगळं स्वयंपाकघर एकदम उकळलं. भेंडी, मठ्ठा, शेंगदाणे, फडताळातलं उलथणं, सगळं ओठांवर आलं. आणि ओठांवरच थांबलं. कारण तिथे बसलेल्या प्रत्येकाला मराठी येत होतं.

"बोला की," राव काका म्हणाले. "प्रेमाने."

"सरी, काका," मी म्हणाले. "सरी, सरी."

निघताना त्यांनी भेट म्हणून माझ्या हातात एक पुडकं दिलं. उघडलं, तर पीण्याच्या कारखान्यातली नवी कोरी स्टीलची बिजागरी.

"हिला गंज लागत नाही, अक्का," ते म्हणाले. "कधीच नाही. आता सावकाश जा हं, करपलेली फोडणी!"

राव काका दारात उभे होते. मान किंचित तिरकी, चेहऱ्यावर साखरेसारखं हसू. हे हसू मी चांगलं ओळखते. अप्रेझलमध्ये त्याला हसतमुख म्हणतात.